पाच स्पीकरांचा हिवाळा

थंडी पडली की आमच्या नागापुरात लांबचे आवाज जवळ येतात. एरवी कधी ऐकू न येणारी रेल्वेची शिट्टी पहाटे थेट पांघरुणात शिरते. लष्कराचा सराव चालू असला तर कुठंतरी माळावर दणका होतो आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच किंचित थरथरते. मनमाड रोडनं उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात. गाडी दिसायच्या आधी गाणं येतं आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ गाणं मागं राहतं. एसटीच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण फाट्यावर कंडक्टर ओरडतो ते 'नगर, नगर, नगर' असंच, आणि थंडीत ते आमच्या अंगणापर्यंत स्वच्छ येतं.

यंदाही थंडी वेळेवर आली. बाजारात हिरवा हरभरा आला, बोरं आली, जामखेडकडच्या पाहुण्यांनी हुरडा खायला या म्हणून निरोप धाडला. मी सकाळी अंगणात उभी राहून हे सगळे आवाज ऐकते आणि मला तो हिवाळा आठवतो. आमच्या घरात पाच स्पीकर आले तो.

आमचे हे जामखेडच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावातले. मिसरूड फुटायच्या वयात नागापूरच्या एमआयडीसीत आले आणि एका कारखान्यात प्रेसवर लागले. पत्र्याला साच्यात दाबून आकार देणारं ते मशीन. दिवसभर धाड, धाड, धाड. पण यांचं मन लहानपणापासून वेगळ्याच आवाजात अडकलेलं होतं. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. आमचे सासरे माळकरी, सिनेमाचं नाव काढलं तरी डोळे वटारायचे. मग हे तंबूच्या मागच्या बाजूला, ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात, ढेकळांवर बसायचे आणि कापडाच्या पलीकडून सिनेमा ऐकायचे. थंडीत काकडत, शेवटपर्यंत.

"आख्खा पिच्चर म्या कानानं बघितलाय," असं ते मला लग्नानंतर अभिमानानं सांगायचे. "हिरोईन कशी हुती ते ठावं न्हाई. पन तिच्या बांगड्या वाजायच्या, त्येवढ्यावरनं मी सांगायचो, आता ही रडनार."

लग्न झाल्यावर आम्ही नगरला थेटरात जायला लागलो. तिथं तेव्हा नवीन आवाज बसवला होता. पडद्यावर घोडेस्वार यायचे होते, पण टापा आधी आमच्या पाठीमागून आल्या. हे चक्क खुर्चीतून उठून मागं बघायला लागले. मागच्या रांगेतली माणसं हसली. यांना त्याचं काही नव्हतं. घरी येईपर्यंत सायकलवर एकच विषय. "घोडं मागनं आलं गं, सुमन! आपल्या डोक्यावरनं पुढं गेलं!"

त्या दिवसापासून यांच्या मनात होतं, असा आवाज आपल्या घरात पाहिजे. माणसाची एखादी इच्छा इतकी लहान असते की तिला कुणी नाही म्हणत नाही आणि म्हणूनच ती मागं पडत राहते. आधी घराची एक खोली वाढवायची होती. मग आमच्या लेकीचं, पल्लवीचं शिक्षण. मग तिचं लग्न. हे कधी कुरकुरले नाहीत. दुकानापाशी थांबायचे, काचेतून डबे बघायचे आणि पुढं निघायचे. आपल्या घरातल्या भिंतींकडेही ते तसंच बघायचे. कुठला खिळा कुठं मारायचा हे त्यांनी फार आधी ठरवून ठेवलं असणार.

पल्लवी लग्न होऊन पुण्याला गेली आणि पुढची खोली मोकळी झाली. तिचा जुना कॉम्प्युटर तिथं कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. दिवाळी होऊन गेली, थंडी सुरू झाली, आणि एका सुट्टीच्या सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "आता घ्यायचं."

काय घ्यायचं हे मी विचारलंसुद्धा नाही.

चितळे रोडजवळच्या एका गल्लीत इरफानभाईंचं दुकान आहे. मधल्या वयाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी पहिलंच विचारलं, "काका, टीव्हीला लावणार की कॉम्प्युटरला?" यांनी कॉम्प्युटर म्हटल्यावर ते खूश झाले. "बरं केलंत. आपल्यासारख्यांच्या बजेटमधला सेट टीव्हीला लावला तर पाचही स्पीकर एकच रडगाणं गातात. कॉम्प्युटरला मागं तीन भोकं असतील ना, तर पुढचा आवाज पुढं आणि मागचा मागं, वेगवेगळा येतो." मग त्यांनी समजावून सांगितलं. पुढं दोन, मागं दोन, मधे एक, आणि खाली हा धमाका करणारा डबा, म्हणजे वूफर. "मधल्यातून फक्त माणसं बोलतात. डायलॉग सगळा मधल्यात."

हे शाळकरी पोरासारखे मान हलवत होते. मधे मधे "काय? काय म्हनले?" असं विचारत होते. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

घरी आल्यावर यांनी दोन दिवस खपून सगळं बसवलं. वायरी भिंतीच्या कडेनं नेल्या, पट्ट्या ठोकल्या. लोखंडी खुर्ची खोलीच्या बरोबर मधे आणून ठेवली. मी हौसेनं शिरा केला. कॉम्प्युटरवर एक सिनेमा लावला आणि हे खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसतात तसे.

माझ्या अंगावर काटा आला. मी दाराशी उभी होते तरी मागच्या स्पीकरमधून पानं सळसळल्यासारखा आवाज आला, तेव्हा माझी मान वळली. यांची वळली नाही. थोड्या वेळानं कपाळाला आठी पडली.

"मधला स्पीकर बसलाय," हे म्हणाले. "माणसं तोंडात सुपारी धरल्यावानी बोलत्यात."

मला तर शब्द न शब्द कळत होता. पण मी वाचनालयात पुस्तकं देणारी-घेणारी बाई, मला यातलं काय कळतंय असं मीच धरून चालले. दुसऱ्या दिवशी आम्ही तो मधला स्पीकर पिशवीत घालून इरफानभाईंकडे गेलो. त्यांनी लावून बघितला, भुवया उंचावल्या, पण बदलून दिला. नवा लावला. तेच. मग यांना वाटलं वायर खराब आहे. वायर बदलली. मग वाटलं मागचे दोन्ही बंद आहेत. मी म्हटलं, "अहो, येतोय की मागून आवाज." हे माझ्यावर खेकसले, "कुठनं येतोय? उगं माझं मन राखायला बोलू नगंस." मग यांनी ठरवलं की सेटच खोटा आहे, आपल्याला फसवलं. इतका शांत माणूस, पण त्या आठवड्यात माझ्याशी धड बोलला नाही. वर्षानुवर्षं जे मागितलं नाही ते एकदाचं मागितलं आणि ते असं निघालं, हा राग होता.

शेवटी सगळा सेट खोक्यात भरून रिक्षानं दुकानात नेला. इरफानभाईंनी तक्रार नीट ऐकून घेतली. वैतागले नाहीत. काउंटरवर पाचही स्पीकर मांडले, एका सिनेमातला प्रसंग लावला. नवरा-बायको भांडताहेत, असलं काहीतरी. दुकानात आलेल्या एक बाई त्या भांडणाला हसल्यासुद्धा.

"ऐकलंस?" हे मला म्हणाले. "कळतंय का काय बोलत्यात?"

मी त्या हसणाऱ्या बाईंकडे बघितलं.

इरफानभाई चहा सांगायला म्हणून उठून यांच्या मागच्या बाजूला दाराकडे गेले. तिथून त्यांनी सहज विचारलं, "काका, चहा साखरेचा चालेल ना?" हे स्पीकरकडे बघत होते. इरफानभाईंनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. "काका? साखर?" हे स्पीकरच्या जाळीवर बोट फिरवत होते.

इरफानभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. बटण दाबून त्यांनी सिनेमा बंद केला, आणि एकदम शांत झालेल्या त्या दुकानात आम्हा दोघांना एकाच वेळी सगळं कळलं. ज्यांचं होतं त्यांनाच कळलं नव्हतं.

मग ते पुढं आले, यांच्या समोर बसले आणि यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश, मोठ्यानं म्हणाले, "काका, सेट चांगला आहे. एकदा कान दाखवून घ्या."

हे त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं." आणि खोकी स्वतःच उचलायला लागले.

सावेडीतल्या डॉक्टरांनी यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर मोठे हेडफोन घातले. मी बाहेरून बघत होते. आवाज आला की बटण दाबायचं होतं. हे बटणावर अंगठा ठेवून, मान तिरकी करून, वाट बघत होते. अंगठा हलत नव्हता. तंबूच्या मागं ढेकळांवर ते असेच बसत असतील, मला वाटलं.

"कानाची नस गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "खूप वर्षं मोठ्या आवाजात काढली की होतं असं. हळूहळू होतं म्हणून कळत नाही. आवाज पोचतो, पण शब्द पोचत नाही."

"औषध?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कानाला मशीन लावून बघा म्हणाले, पण थोडाच फरक पडेल.

घरी येताना रिक्षात मी यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कंपनीत कानात घालायला बोळे देत होते ना? घालत नव्हता का?"

हे बाहेर बघत म्हणाले, "घातलं की प्रेसचा आवाज कळत न्हाई. मशीन खाली कवा येतंय ते आवाजावरनंच कळतं गं. न्हाई कळलं तर हात आत ऱ्हातो." मग दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "बघ. समदी बोटं हायेत. आमच्या लाईनीत अशी किती जनांची हायेत?"

मी ती बोटं एकेक करून बघितली. बोटं राखण्यासाठी कान उघडे ठेवले होते. बोटं राहिली.

मशीन आणलं. ते लावल्यावर भांडं ठेवलं तरी यांना कुणीतरी डोक्यात मारल्यासारखं व्हायचं, पण मी काय बोलते ते कळायचं नाही. पंखा, मिक्सर, कुत्रं, सगळं मोठं झालं. माणूस तेवढा लहानच राहिला. थोड्या दिवसांनी मशीन कपाटात गेलं.

सेट मात्र परत बसवला होता. परत द्यायचा का, असं मी एकदा विचारलं, तर हे म्हणाले, "त्येचा काय दोष?" सुट्टीच्या दुपारी हे खुर्ची स्पीकरच्या जवळ जवळ सरकवत बसायचे. एकदा तर खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसले, वूफरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी भाजी निवडत होते. मला बरं वाटलं. काहीतरी पोचतंय, असं वाटलं. थोड्या वेळानं यांनी हात उचलला.

"बंद कर," हे म्हणाले. "प्रेसच हाय हे."

एवढ्या सगळ्या आवाजातून यांच्यापर्यंत येत होता तो एकच आवाज, आणि तो तोच होता.

पुढच्या एका सुट्टीला यांनी मला त्या खुर्चीत बसवलं. "तू ऐक. आन मला हातानं सांग, कुठनं काय येतंय." मला लाज वाटली, या वयात असला खेळ. पण बसले. गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मी हात तसा फिरवायचे. मागून कुणी हाक मारली की खांद्यावरून मागं बोट दाखवायचे. पाऊस आला की दोन्ही हात वर करून बोटं खाली आणायचे. हे समोर पाटावर बसून पडद्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते. मधेच हसले. मीही हसले. त्या हिवाळ्यातली आमची तेवढी एकच दुपार धरून ठेवावी अशी. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याचं गाणं आमच्या सिनेमात मिसळलं. त्याचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी हात खाली घेतले.

"काय झालं?" यांनी विचारलं.

मी खिडकीकडे बोट दाखवलं. हे उठून खिडकीपाशी गेले. ट्रॅक्टर निघून गेला होता. रिकाम्या रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सुमन. तुझे हात दुखतील."

पुन्हा आम्ही तो खेळ खेळलो नाही. सणाच्या आधी घर रंगवायला काढलं तेव्हा यांनी स्वतःच पाचही स्पीकर उतरवले, खिळ्यांची भोकं बुजवली आणि सेट भावकीतल्या एका घरी देऊन टाकला. देताना कुठली वायर कुठं ते नीट समजावून सांगितलं. ते लोक काहीतरी विचारत होते, हे आपलं सांगतच होते.

लोक मला म्हणतात, नोकरी सोडायला लावा. मीही म्हटलं होतं. हे म्हणाले, आता थोडी वर्षं राहिली, आणि आता राहिलंय काय जायचं? पुढं मला हळूहळू दुसरंच कारण दिसलं. प्रेसच्या खात्यात कुणीच कुणाचं ऐकू शकत नाही. सगळे खुणांनी बोलतात, ओठांवरून ओळखतात. तिथं हे चारचौघांसारखे असतात. घरी, लग्नात, दहाव्याला, हुरड्याच्या आगटीभोवती, तिथं हे बहिरे असतात. म्हणून सकाळी ते खरोखर लगबगीनं डबा घेऊन जातात. आणि मी दारात उभी राहून त्यांना त्याच आवाजाकडे जाताना बघते.

आता घरात बोलणं फार थोडं उरलंय. जेवायला चला, पाणी गेलं, गॅस संपला. एवढं ओरडून सांगता येतं. पण आज वाचनालयात एक म्हातारे गृहस्थ काय गमतीदार बोलले, किंवा मला उगीचच कसंतरी होतंय, हे ओरडून कसं सांगायचं? बारीकसारीक बोलणं बंद झालं की माणसं भांडतही नाहीत. आमचं भांडणसुद्धा संपलं. हुरड्याला गेलो की सगळे हसतात तेव्हा हे सगळ्यांच्या चेहऱ्याकडे बघून, एक क्षण उशिरा, हसायचे. गेल्या खेपेपासून तेही हसणं सोडलंय. आगटीत काटक्या सरकवत बसतात.

गेल्या आठवड्यात, ऊन कलतं झालेलं असताना, पल्लवीचा फोन आला. आवाज वेगळाच. म्हणाली, "आई, आधी बाबांना दे. मला त्यांनाच आधी सांगायचंय."

मी म्हटलं, "अगं, त्यांना..."

"दे ना. मी मोठ्यानं बोलते."

हे परसात बंबासाठी लाकडं फोडत होते. मी फोन हातात दिला. यांनी तो कानाला लावला आणि नेहमीचं सुरू केलं. "जेवलीस का? थंडी हाय का तिकडं? जावई बरे हायेत ना? बरं, बरं. जप. ठिवू का?" मधल्या सगळ्या जागी पल्लवीचा आवाज येत होता, मला लांबून ऐकू येत होता, फक्त शब्द कळत नव्हते. ती बोलत असतानाच यांनी फोन बंद करून माझ्याकडे दिला आणि कुऱ्हाड उचलली.

मी घरात येईपर्यंत पुन्हा वाजला. पल्लवी रडत होती. "आई, बाबा काहीच बोलले नाहीत गं. नुसतं बरं म्हणाले. त्यांना आनंद नाही का झाला?"

"काय सांगितलंस तू?"

तिनं सांगितलं. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, आम्ही विचारायचंही सोडून दिलं होतं. मी उंबऱ्यातच बसले. मग फोन तसाच ठेवून परसात धावले.

कागदावर लिहून दाखवता आलं असतं. पण असली गोष्ट कुणी लिहून दाखवतं का? मी खांदा धरून यांना वळवलं, कानाशी तोंड नेलं आणि असेल नसेल तेवढा आवाज काढून ओरडले, "पल्लवीला दिवस गेलेत!"

शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडे कपडे काढत होत्या. त्यांनी ऐकलं. "अगं बाई!" म्हणून त्या भिंतीशी आल्या, "पेढे पाहिजेत हो!" म्हणाल्या. त्यांच्या मागून त्यांच्या सासूबाई आल्या. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी थांबलं.

मी पुन्हा ओरडले. माझा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. यांनी कुऱ्हाड हळूच खाली ठेवली, डोक्याचा मफलर सोडला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"गेले?" हे म्हणाले. "कोन गेलं गं?"